दैवी सामर्थ्य आणि उपासकाचा अधिकार : ग्लोरांथाची खेळसंहिता व मावळातील उपासनाव्यवस्था

प्रास्ताविक

कल्पित विश्वावर आधारलेले भूमिकाखेळ, म्हणजे ज्यांना इंग्रजी नावानेच ‘रोलप्लेइंग गेम’ म्हटले जाते ते खेळ, मराठी समीक्षेच्या कक्षेत फारसे आलेले नाहीत. चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र स्वीकारतो, एक सूत्रधार प्रसंग सांगत जातो आणि पात्राची कृती यशस्वी झाली की नाही हे फासे टाकून ठरते, असे या खेळाचे ढोबळ स्वरूप आहे. त्याची संहिता म्हणजे नियमांचे पुस्तक. या पुस्तकात कथा नसते. कथा घडण्याच्या अटी असतात. कोणते पात्र काय करू शकेल, काय करू शकणार नाही आणि एखादे सामर्थ्य मिळविण्यासाठी त्याला काय गमवावे लागेल, हे तेथे आकड्यांसह लिहिलेले असते. त्यामुळे कादंबरीकार ज्या गृहीतकांना प्रसंगांच्या ओघात झाकून ठेवू शकतो, ती गृहीतके खेळाच्या नियमकाराला उघडपणे मांडावी लागतात. समीक्षेच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

प्रस्तुत लेखात अशा खेळांतील एकाच प्रश्नाचा विचार केला आहे. देवतेच्या उपासनेतून मिळणारे अलौकिक सामर्थ्य आणि त्या उपासनेतील विशेषीकरण यांचे नियम कोणत्या धर्मकल्पनेवर उभे आहेत, हा तो प्रश्न होय. त्याच्या परीक्षणासाठी कसोटी म्हणून पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याची उपासनाव्यवस्था घेतली आहे. ही निवड केवळ सोयीची नाही. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या खोऱ्यांत लेण्यांतील बौद्ध अवशेष, घाटमाथ्यावरील मातृदेवता, रानातले वाघोबा-म्हसोबा, गावचा भैरवनाथ आणि शेजारच्या देहूची वारकरी परंपरा हे सारे काही कोसांच्या अंतरात एकत्र नांदते. महाराष्ट्रातील उपासकवर्गांचा सर्वांत आस्थेवाईक अभ्यास करणारे रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांचा जन्मही आंदर मावळातील निगडे या गावचा.

खेळातील देव आणि त्यांचे नियम

या खेळप्रकाराचा आरंभ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने झाला. त्यात ‘क्लेरिक’ नावाचा धर्मपुरुषाचा वर्ग होता. तो जखमा बऱ्या करी, प्रेतयोनींना हुसकावून लावी आणि धारदार शस्त्र हाती घेत नसे. पण तो नेमक्या कोणत्या देवाचा उपासक आहे, याच्याशी आरंभीच्या नियमांना फारसे कर्तव्य नव्हते. पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत देवतेनुसार मंत्रांची क्षेत्रे वाटली गेली आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक धर्मपुरुषाने आपल्या देवतेच्या अधिकारातील दोन क्षेत्रे निवडावीत, असा नियम आला. युद्ध, आरोग्य, सूर्य, मृत्यू अशी ती क्षेत्रे होत. येथे देवता हे एखाद्या खात्यासारखे आहे. खाते बदलले की अधिकार बदलतात, उपासनेचे स्वरूप मात्र तेच राहते.

या पार्श्वभूमीवर ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) यांनी निर्माण केलेले ‘ग्लोरांथा’ हे विश्व पुष्कळच वेगळे ठरते. स्टॅफर्ड यांनी १९६६ मध्ये, महाविद्यालयीन वयात, या विश्वाबद्दल लिहावयास प्रारंभ केला. १९७५ मध्ये त्यांनी ‘केऑसियम’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि १९७८ मध्ये स्टीव्ह पेरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ त्याच विश्वाच्या आधारे प्रसिद्ध झाला. पुराणकथा ही येथे सजावट नाही. देवाने आदिकाळी जे केले तेच उपासक विधीच्या वेळी पुन्हा करतो आणि त्यातून त्याला सामर्थ्य लाभते, हे या विश्वाचे मूळ सूत्र आहे. स्टॅफर्ड यांचा शामानी साधनेशी प्रत्यक्ष संबंध होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९७९ मध्ये आलेल्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ या पुस्तकात एकेका देवतेच्या पंथाचे वर्णन ठरावीक साच्यात केलेले आहे. प्रथम पुराणकथा व इतिहास, मग पंथाचे समाजातील स्थान, त्याची संघटना, सामान्य भाविक, दीक्षित, पुरोहित आणि शेवटी इतर पंथांशी असलेले संबंध असा तो क्रम आहे. दीक्षित होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि उत्पन्नाचा व वेळेचा काही वाटा पंथाला द्यावा लागतो. पुरोहिताला तर आपला बहुतेक सर्व वेळ देवकार्यास वाहावा लागतो. दैवी मंत्र मिळविण्यासाठी उपासक आपल्या आत्मबलाचा काही अंश कायमचा अर्पण करतो. १९७८ च्या नियमांत दीक्षिताने असा मंत्र एकदा वापरला की तो संपे. पुरोहिताला मात्र तो प्रार्थनेने परत मिळे. विशेषीकरणाचा लाभ आणि त्याची किंमत यांची ही मांडणी तशी साधी आहे, पण नीट विचार करून केलेली आहे.

प्रत्येक पंथाचे निर्बंधही त्याच्या देवतेच्या स्वभावातून आलेले दिसतात. मृत्यू आणि तलवार यांचा देव हुमाक्त याच्या उपासकाला मेल्यानंतर पुन्हा जिवंत करता येत नाही, कारण मृत्यूशी प्रामाणिक राहणे हेच त्याचे व्रत. आरोग्याची देवता चालना अरॉय हिच्या उपासकांनी हिंसा करावयाची नाही आणि मांस खावयाचे नाही. ‘सामर्थ्य वाढले की मोकळीक कमी होते’ हा नियम येथे कृत्रिम वाटत नाही. व्रत आणि फल यांचे नाते भारतीय वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हीरोक्वेस्ट’ या ग्लोरांथाच्याच दुसऱ्या नियमसंहितेने मात्र आणखी एक पाऊल पुढे टाकले. तिने अलौकिकाचे तीन प्रकार मानले. देवांना बलिदान करणारी देवोपासना, भूतपितरांशी संचारातून संपर्क साधणारी चैतन्योपासना आणि ग्रंथ व सूत्रे यांच्या बळावर चालणारी मंत्रविद्या, असे ते तीन प्रकार. सामान्य माणसाला तिन्हींतले थोडे थोडे येत असते. पण ज्याला पारंगत व्हावयाचे आहे त्याने आपली सर्व जादू एकाच प्रकारात एकवटावी, असा पर्याय तेथे दिला आहे. या एकाग्रीकरणामुळे त्याला आपले सामर्थ्य वाढविणे स्वस्त पडते. त्याच्या मोबदल्यात इतर प्रकारांतले जे काही त्याच्याजवळ असेल ते त्याला सोडावे लागते. पुढील काळात ही तिहेरी विभागणी सैल झाली आणि २०१८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये तर एकच पात्र देवाचे मंत्र आणि भूतपितरांकडून मिळालेले मंत्र दोन्ही बाळगू शकते. तरीही २००३ चा नियम समीक्षेच्या दृष्टीने अधिक बोलका आहे, कारण धर्मविषयक एक आधुनिक समजूत त्यात शुद्ध स्वरूपात उतरली आहे. निष्ठा म्हणजे गुंतवणूक आणि सामर्थ्य म्हणजे तिच्यावरचा परतावा, अशी ती समजूत आहे.

वेहेरगावच्या पायऱ्यांवर

कार्ल्याच्या डोंगरावरील महाचैत्याच्या अगदी दाराशी एकवीरा देवीचे मंदिर आहे. लेण्यातील शिलालेखांत या स्थळाचे वलुरक हे नाव येते आणि मामाल या प्रदेशाचाही उल्लेख येतो. हाच आजचा मावळ होय, असे अभ्यासक मानतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात या परिसरातील मातृदेवतांची ठाणी, जुने व्यापारी मार्ग आणि लेणी यांचा परस्परसंबंध पायी हिंडून तपासला. बेडशाच्या विहारात आजही शेंदूर लावलेली यमाई पुजली जाते. एकाच कातळावर दोन धर्मव्यवस्था एकमेकींना न पुसता राहिल्या आहेत, ही गोष्ट कोणत्याही ‘एकाग्रीकरणा’च्या नियमात बसवणे अवघड आहे.

चैत्र शुद्ध षष्ठी ते अष्टमी या काळात येथे जी यात्रा भरते, तिच्यातील कामांची वाटणी पाहण्याजोगी आहे. मुंबई, ठाणे आणि रायगड भागांतून कोळी व आगरी समाजाच्या पालख्या पायी चालत येतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचीही ही कुलस्वामिनी. षष्ठीला पायथ्याजवळच्या देवघर गावी देवीचा भाऊ मानल्या गेलेल्या काळभैरवनाथाची यात्रा होते, सप्तमीला देवीची पालखी निघते आणि अष्टमीला तेलवण होते. देवीची पूजा गुरवाकडे, पालखीचा मान ठरलेल्या गावांकडे, नवस फेडण्याचा हक्क ज्याने तो बोलला त्याच्याकडे. यांपैकी कोणाचाही दावा आपल्याजवळ देवीचे सामर्थ्य साठले आहे, असा नसतो. गुरव देवीच्या सर्वांत जवळ उभा राहतो, पण म्हणून नवस त्याच्यामुळे फळला असे कोणी म्हणत नाही. सामर्थ्य देवीचे, गुरवाकडे आहे तो अधिकार, आणि कोळणीच्या ओटीत पडते ते फळ.

हाच भेद या चर्चेचा कणा आहे. ‘अधिकार’ हा शब्द मीमांसेत तांत्रिक अर्थाने येतो. श्रौत यज्ञात होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा या चार प्रमुख ऋत्विजांची कामे वेदानुसार वाटलेली असतात. विशेषीकरण याहून काटेकोर असू शकत नाही. तरीही यज्ञाचे फल ऋत्विजाला नव्हे तर यजमानाला मिळते; ऋत्विजाला मिळते ती दक्षिणा. गोंधळीही ज्याच्या घरी गोंधळ घालतो त्याला यजमानच म्हणतो, हा केवळ भाषिक योगायोग नाही. श्रौत परंपरेपासून दारातल्या गोंधळापर्यंत सामर्थ्य, अधिकार आणि फल ही तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. खेळाच्या नियमांनी ती तिन्ही एकाच पात्राच्या नोंदपत्रावर आणून ठेवली आहेत.

मावळातील भगताच्या कामावरून हे अधिक स्पष्ट होते. घरात आजार हटत नाही, गाय आटते, पेरणी फसते, तेव्हा माणूस भगताकडे किंवा देवऋष्याकडे जातो. भगताच्या अंगात वारे येते, तो तांदळाचे दाणे पाहतो, कौल घेतो. आणि शेवटी काय सांगतो? अमक्या देवाचे राहिले आहे, साती आसरांचा मान चुकला आहे, कुलस्वामिनीचा गोंधळ घातलेला नाही, म्हसोबाला नारळ द्या. म्हणजे त्याच्या विद्येचा शेवट दुसऱ्याच्या दाराशी होतो. गोंधळ घालावयाचा तर गोंधळी बोलवावा लागतो, ग्रामदेवतेची पूजा गुरवाच्या हातून, सत्यनारायण ब्राह्मणाच्या हातून. भगताचे विशेषीकरण निदानापुरते आहे आणि ते इतरांच्या विशेषीकरणावाचून निरुपयोगी आहे. ‘हीरोक्वेस्ट’च्या भाषेत सांगावयाचे तर संचारातून आलेला निरोप देवोपासनेत जाऊन पुरा होतो. त्या संहितेने चुकीच्या पद्धतीने केलेली उपासना कमी फलदायी ठरविली आहे. मावळात मात्र एका पद्धतीकडून दुसरीकडे जाणे हीच उपासनेची नेहमीची वाट आहे.

गोंधळाचे आवाहनही असेच आहे. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने, दिवटी पेटवून, चौक भरून गोंधळी तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी अशा दूरदूरच्या ठाण्यांवरील दैवतांना नावे घेऊन बोलावतो आणि गावच्या ग्रामदेवतेलाही विसरत नाही. तो देवीचा उपासक म्हणून विशेष. पण त्याच्या विशेषपणाचे सार सर्वांना बोलावण्यात आहे. गुंथर सोन्थायमर यांनी हिंदू धर्माचे पाच घटक मानले होते : ब्राह्मणांचे कार्य, संन्यास, आदिवासींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती. त्यांचा भर घटक मोजण्यावर नव्हता. ते घटक एकमेकांत कसे मिसळतात यावर होता. ग्लोरांथाचे तीन प्रकार आणि सोन्थायमर यांचे पाच घटक शेजारी ठेवले की वर्गीकरणाचे दोन हेतू दिसतात. एक भिंत घालण्यासाठी, दुसरा ये-जा दाखविण्यासाठी. न्यायाची गोष्ट म्हणून हेही नोंदवले पाहिजे की ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’मध्ये सहयोगी पंथांची कल्पना आहे. वादळाचा देव ऑर्लँथ आणि पृथ्वीदेवता एर्नाल्डा हे पतिपत्नी असल्याने त्यांचे पंथ एकमेकांना साहाय्य करतात. देवघरचा भैरवनाथ आणि कार्ल्याची एकवीरा यांचे भाऊ-बहिणीचे नाते जाणणाऱ्याला हा नियम लगेच ओळखीचा वाटेल. स्टॅफर्ड यांना नातेसंबंध दिसला होता. त्यांच्या नियमांना मात्र त्या नात्याचाही हिशेब मंत्रांच्या संख्येतच मांडता आला.

माळकऱ्याचे उदाहरण

येथे एक आक्षेप संभवतो. मावळातही एकनिष्ठा आहेच की! देहूच्या छायेतल्या या खोऱ्यांत गावोगावी माळकरी आहेत. तुळशीची माळ घातली की मांस वर्ज्य, एकादशी आली, वारी आली. कुलस्वामिनीला बोकड मानणाऱ्या घरातला माळकरी त्या प्रसादाला हात लावत नाही. वरवर पाहता हे चालना अरॉयच्या उपासकाचेच व्रत आहे आणि ‘एकाग्रीकरणा’चाच नियम आहे.

परंतु दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली अशी की माळकरी जे सोडतो ते सामर्थ्य वाढावे म्हणून सोडत नाही. सिद्धी आणि चमत्कार यांविषयी वारकरी संतपरंपरा मुळातच साशंक राहिली आहे; माळ घातलेल्या माणसाला अधिक मंत्र येतात असे कोणी समजत नाही. तो आचार स्वीकारतो, आणि आचार हीच त्याची प्राप्ती. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक आहे. माळकऱ्याच्या व्रतामुळे घराची कुलदेवता सुटत नाही. घरातल्या एकाने माळ घातली तर देवीचा मान दुसरा भाऊ करतो, किंवा बोकडाच्या जागी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. निष्ठेचे एकक व्यक्ती असली तरी उपासनेचे एकक घर आहे. खेळात घर नाही. चार पात्रे एकत्र प्रवास करतात, एक योद्धा, एक वैदू, एक चोर. पण त्यांची चूल एक नसते आणि कुलाचारही एक नसतो.

किंमत कोण देतो

येथवरचे विवेचन मावळच्या बाजूने झुकलेले वाटेल. लोकसंस्कृतीच्या अभ्यासात हा झुकाव नेहमीचाच आहे आणि त्याची तपासणी करण्यास खेळाचा नियम उपयोगी पडतो, हे या तुलनेचे दुसरे फलित आहे. नियमकार निदान एक प्रश्न विचारतो : या विशेषीकरणाची किंमत काय, आणि ती कोणाच्या खात्यावर?

ढेरे यांच्या ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ (१९६४) या ग्रंथात वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, पोतराज, भुत्या अशा उपासकांचा वेध घेतलेला आहे. त्यांची वेशभूषा, वाद्ये, दैवते, विधी, गीते यांविषयी मराठीत इतके प्रेमाने आणि इतक्या विद्वत्तेने क्वचितच कोणी लिहिले असेल. पण त्याची रचना ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’च्या रचनेशी अनपेक्षितपणे जुळते. एकेक उपासकवर्ग स्वतंत्र प्रकरणात येतो आणि स्वयंपूर्ण भासतो. परिणामी ज्याच्या दारी हे सर्व जण येतात तो यजमान, त्याच्याकडून मिळणारे धान्य, गावातील उतरंड आणि हे काम करण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते त्यांची स्थिती, या गोष्टी प्रकरणांच्या सांध्यांतून निसटतात. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) गुरवासह बलुतेदारांच्या हक्कांची आणि गावाशी असलेल्या देण्याघेण्याची जी रोखठोक नोंद आहे, ती ढेरे यांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचल्यास चित्र पुरे होते. महाविद्यालयांत लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात हे दोन ग्रंथ क्वचितच एकत्र वाचले जातात. ही आपल्या अध्यापनातील मोठी उणीव आहे.

मुरळीचे उदाहरण घेऊ. वाघ्यांत घरवाघ्या आणि दारवाघ्या असा भेद आहे. पहिला घरापुरता आचार पाळतो, दुसरा खंडोबाच्या नावाने दारोदार हिंडतो. खेळाच्या भाषेत हा सामान्य दीक्षित आणि पूर्णवेळ उपासक यांतला फरक म्हणता येईल. पण मुरळी म्हणून खंडोबाला वाहिलेली मुलगी कोणत्या परीक्षेला बसली होती? नवस आईबापांनी बोललेला असे, फळही त्यांनाच मिळालेले असे आणि आयुष्यभराचे अर्पण मात्र त्या मुलीचे. ‘रूनक्वेस्ट’चा उपासक आपल्याच आत्मबलाचा अंश देतो, येथे दुसऱ्याचे आयुष्य दिले जाई. महाराष्ट्रात देवदासी समर्पणाची प्रथा २००५ च्या अधिनियमाने गुन्हा ठरवली आहे आणि मुंबई इलाख्यात त्याआधी १९३४ चा कायदा होता. पोतराजाचेही तसेच. मरीआईच्या नावाने लांब केस राखून, चिंध्यांचा घागरा नेसून, स्वतःच्या अंगावर कोरडे ओढणारा हा उपासक विशिष्ट जातींतूनच, आणि बहुधा नवसानेच, घडविला जाई. साथीचा रोग सगळ्या गावाचा. फटके त्याच्या पाठीवर. सामर्थ्य, अधिकार आणि फल यांची जी विभागणी वर गौरवाने सांगितली, तिच्यात वेदना हा चौथा घटकही विभागलेला होता, आणि तो नेहमी एकाच बाजूला जात असे.

या दृष्टीने पाहिले असता ग्लोरांथातील सर्वांत कल्पित गोष्ट तेथील राक्षस किंवा देव नव्हे. निवड ही होय. खेळाडू पात्र घडविताना पंथ निवडतो. गावगाड्यात पंथ माणसाला निवडीत असे, आणि तेही जन्माआधी.

आणखी एक नियम येथे तपासण्याजोगा आहे. ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’मध्ये पंथ सोडणाऱ्याच्या मागे त्या देवतेचे सूड घेणारे भूत लागते. प्रत्येक पंथासाठी त्या भुताचे स्वरूप वेगळे सांगितले आहे. देवाचा कोप होईल या भयाने वृत्ती न सोडणाऱ्या माणसांच्या अनुभवाशी हा नियम इतका जुळतो की क्षणभर चकित व्हावे. पण महाराष्ट्राच्या इतिहासात याच भयाला सामुदायिक उत्तर दिले गेले आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मावळच्या सीमेवरील देहूरोड येथे ब्रह्मदेशातून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवांची उपासना करणार नाही, हा स्पष्ट त्याग आहे. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि गावकीच्या कामांची कायदेशीर बेडीही तुटली. ‘हीरोक्वेस्ट’च्या एकाग्रीकरणाइतकाच, किंबहुना त्याहूनही कडक असा हा अनन्यतेचा नियम होता. त्याचे प्रयोजन मात्र सामर्थ्याची वाढ हे नव्हते. लादलेल्या विशेषीकरणातून सुटका आणि माणूस म्हणून प्रतिष्ठा हे होते. पंथत्यागाला शिक्षा आकारणाऱ्या संहितेत पंथत्याग हीच मुक्ती ठरण्याची शक्यता कोठेही नोंदलेली नाही. मराठी वाचकाला ही उणीव सहज दिसते. अमेरिकी नियमकाराला ती दिसली नाही, यात नवल नाही.

धर्म कोठे संपतो आणि जादूटोणा कोठे सुरू होतो, हे ठरविण्याचा खटाटोप केवळ खेळांतच चालतो असेही नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर प्रथम अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत कोणत्या कृती गुन्हा ठरतात ते सांगितले आहे आणि पूजा, यात्रा, कीर्तन अशा बाबी स्पष्टपणे वगळल्या आहेत. ही देखील एक नियमसंहिताच. तिचा निकष मात्र विचारात घेण्यासारखा आहे. कृतीत दैवी अंश आहे की नाही हे ती तपासत नाही. तिच्यामुळे कोणाला भय, फसवणूक किंवा इजा सोसावी लागते काय, हे तपासते. म्हणजे तिची नजर उपासकाकडून हलून ज्याच्यावर विधी होतो त्याच्याकडे वळली आहे. भगत केवळ कौल सांगतो तोवर प्रश्न वेगळा. भूत उतरविण्याच्या नावाने एखाद्या बाईला साखळीने बांधतो, तेव्हा त्या बाईची बाजू प्रथम येते. खेळसंहितेने किंवा लोकसंस्कृतीच्या गौरवग्रंथांनी तिला स्वतंत्र प्रकरण दिलेले नाही.

‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’मध्ये पंथांच्या वर्णनांच्या मधूनमधून बिटुरियन व्हॅरोश नावाच्या एका फिरत्या व्यापाऱ्याची रोजनिशी दिलेली आहे. तो स्वतः व्यापाराच्या देवाचा उपासक आहे. पण मुलूख ओलांडताना त्याला प्रत्येक पंथाच्या दारी जावे लागते, कोठे बरे होण्यासाठी, कोठे वाटेच्या संरक्षणासाठी, आणि प्रत्येक ठिकाणी काही द्यावे लागते. कोकणातून बोरघाट चढून एकवीरेला येणाऱ्या, वाटेत भैरवनाथाला नारळ ठेवणाऱ्या आणि घरी परतल्यावर गोंधळ्याला सांगावा धाडणाऱ्या माणसाच्या सर्वांत जवळचे असे या साऱ्या संहितेतील पात्र तेच आहे. ही रोजनिशी नियमांच्या बाहेर, वाचनीय भर म्हणून छापलेली आहे.